मातीपर्यंत हात पोचायला हवा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



माझ्या आधी आपल्या डॉक्टरसाहेबांनी हृदय कसं सांभाळायचं ते सांगितलं, बँकवाल्यांनी निवृत्तीनंतरचा पैसा कसा सांभाळायचा ते सांगितलं. मी कुंड्या कशा सांभाळायच्या ते सांगणार आहे. जेवणानंतरचं सत्र मला का दिलं, हे माझ्या लक्षात आलंय. कुणाला डुलकी लागली तर खुशाल लागू दे. भूगोलाच्या तासाला आपण काय वेगळं करत होतो!

बऱ्याच जणांना माझं काम माहीत आहे. गेली पंधरा वर्षं मी कोल्हापुरात बागकामाची सेवा चालवते. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या गॅलरीत, कुणाच्या बंगल्याच्या आवारात बाग लावून द्यायची आणि महिन्यातून दोनदा जाऊन तिची निगा राखायची. छाटणी, खत, फवारणी, कुंड्या बदलणं. मी, तीन माळी आणि एक छोटा हत्ती, एवढाच आमचा पसारा. आज त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलते. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, उभं राहता येत नाही किंवा एकच हात चालतो, अशा माणसांना ही सेवा घेता यावी म्हणून आम्ही काय काय बदललं, त्याबद्दल.

सुरुवात एका फोनने झाली. एक निवृत्त शिक्षिका होत्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, जीभही जरा जड झालेली. त्या सावकाश म्हणाल्या, “तुम्ही बाग करून देता, ते मला माहीत आहे. मला बाग करायला लावाल का?”

त्या एका वाक्यात आमच्या धंद्याची उलटतपासणी होती. बाग करून देणं सोपं असतं. माळी येतो, दोन तासांत सगळं चकाचक करून जातो आणि घरातलं माणूस खुर्चीत बसून बघतं. त्यांना बघायचं नव्हतं. मिरचीचं रोप स्वतःच्या हाताने लावायचं होतं, आणि ते मेलं तर स्वतःच्या हाताने उपटायचं होतं. त्यांना आम्ही ताई म्हणायचो. पुढची सगळी शिकवणी ताईंकडेच झाली.

पहिला धडा मापाचा. आम्ही बागवाले लोक जमीन मोजतो, माणूस मोजत नाही. ताईंच्या घरी मी टेप काढला आणि त्यांचा हात मोजला. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात पुढे साधारण दोन फूट पोचतो. म्हणजे वाफ्याला एकाच बाजूने जाता येत असेल तर तो दोन फुटांपेक्षा रुंद नको, दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर चार फूट चालतो. त्यापुढची माती त्या माणसाच्या दृष्टीने परगावची. वाफा टेबलासारखा उंच करायचा, खाली गुडघे जातील अशी सत्तावीस इंच मोकळी जागा ठेवायची आणि वर सहा इंच खोलीचा ट्रे. सहा इंच मातीत काय येतं, असं विचाराल. मेथी येते, कोथिंबीर येते, पालक, पुदिना, कांद्याची पात येते. मिरची-वांग्याला मुळांसाठी जास्त खोली लागते, म्हणून त्यांच्या पिशव्या बाजूला स्टुलावर.

वाट निदान तीन फूट हवी आणि खुर्ची वळवायची असेल तिथे पाच फुटांची मोकळी जागा हवी. उतार करायचा तर एका इंचाला एक फूट, हे पाठ करून ठेवा. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फूट लांब उतार. लोक दोन फुटांची फळी टाकतात आणि म्हणतात, केला की रॅम्प! त्या फळीवरून खुर्ची चढत नाही आणि उतरताना माणूस तोंडावर येतो. आपल्या कोल्हापूरच्या पावसात आणखी एक भानगड असते. गुळगुळीत शहाबादीवर श्रावणापर्यंत शेवाळ धरतं. काठी टेकणाऱ्याला ती फरशी म्हणजे घसरगुंडीच. खडी टाकली तर चाकं रुततात. म्हणून खरबरीत केलेलं काँक्रीट, आणि दर आठवड्याला खराट्याने घासणं. त्याला दुसरा उपाय नाही.

दुसरा धडा वजनाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा लिटरची भरलेली झारी म्हणजे दहा किलो आणि झारीचं वजन वेगळं. ताईंना आम्ही दीड लिटरची झारी दिली आणि नळाला लांब पाइप जोडला. नळाची फिरवायची चकती काढून दांड्याचा नळ बसवला, तो मनगटानेसुद्धा उघडतो. मातीचंही तसंच. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाच्या चोथ्यावर गच्चीतली शेती करून दाखवली होती. आपल्याकडे ऊस काय कमी आहे? रसवंतीवाल्यांना चोथा कुठे टाकायचा हाच प्रश्न असतो. तो आणून कुजवायचा, त्यात कोकोपीट, शेणखत आणि थोडीच माती मिसळायची. अशी पिशवी ताईंना डाव्या हाताने सरकवता यायची. नुसत्या पोयट्याची कुंडी मलाच हलत नाही.

एका हाताने काम करताना कुंडी गोल फिरते. तिच्याखाली ओलं पोतं घातलं की फिरत नाही. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की पकड जाड होते आणि बोटं पुरती वळत नसली तरी निसटत नाही. राजगिऱ्याचं बी चिमटीत येत नसेल तर घेवडा लावा, भेंडी लावा, दुधी लावा, ज्यांचं बी बोटांना कळतं. यातल्या निम्म्या युक्त्या ताईंच्या आहेत. मी फक्त त्या पुढच्या घरी नेल्या.

इथे आपल्याच जिल्ह्याशी नातं असलेल्या एका मोठ्या माणसाची आठवण काढते. श्री. अ. दाभोळकर गणिताचे शिक्षक, पण त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने आपल्याच शेतात प्रयोग करायचा, नोंद ठेवायची आणि ती दुसऱ्याला सांगायची, अशी ती रीत. ज्याच्या हातात काम आहे त्याच्याच हातात संशोधन. मला वाटतं, आमच्या कामाला हीच रीत लागू पडते. डाव्या हाताने खुरपं कसं धरायचं हे मी कुणाला काय शिकवणार? ते ताईंनाच ठाऊक.

तिसरा धडा एका तरुणाने दिला. जन्मापासून दृष्टी नाही. त्याच्या आईने मला सांगितलं, “वासाची झाडं लावा, म्हणजे त्याला बरं वाटेल.” आम्ही गवती चहा, मरवा, दवणा, पानओवा, मोगरा असं सगळं घेऊन गेलो. पोरगा हसला. म्हणाला, “मावशी, वास छान आहे. पण मला टोमॅटो पाहिजेत. बाजारात विकायचे नाहीत, पण मोजायचे आहेत.” दिसत नाही म्हटल्यावर त्याने फक्त वास घ्यावा, हे आपणच ठरवून टाकतो.

मग आम्ही दोरी ताणली. दर वीतभर अंतरावर गाठ आणि प्रत्येक गाठीला एक रोप. पहिल्या गाठीला बटण शिवलं, म्हणजे मोजायला सुरुवात कुठून करायची ते कळतं. त्याने स्वतःच्या ब्रेलच्या पाटीवर जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या टोचून झाडांची नावं लिहिली. ओल तपासायला मातीत बोट घालावं, असं आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो आणि कुणी घालत नाही. हा रोज घालतो. पानाच्या खालच्या बाजूला मावा पडला की त्याच्या बोटाला चिकटपणा आधी कळतो, आमच्या माळ्याला चार दिवसांनी दिसतो. आम्ही त्याच्याकडे फवारणी करतो ती निमअर्काची, तीसुद्धा त्याला आधी सांगून, कारण तो पानं हाताळतो. काटेरी बोगनवेल वाटेच्या कडेला लावत नाही. आणि डोक्याच्या उंचीवर लोंबती कुंडी तर कधीच नाही. काठीला जमीन कळते, कपाळासमोरची कुंडी कळत नाही.

ज्या घरात विसरभोळेपणाचा आजार असलेले आजी-आजोबा आहेत, तिथे आणखी एक काळजी. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, देवाला वाहायला दारोदार असते. ती विषारी आहे, तिचं बी जिवावर बेततं. साधी कण्हेर आणि धोतराही तसाच. हॉलमध्ये ठेवतात त्या डिफेनबेकियाचं पान चावलं तर तोंडाची आग होते. ही झाडं आम्ही त्या घरातून हलवतो आणि तिथे जास्वंद, तुळस, गवती चहा लावतो. लहानपणापासून ओळखीची झाडं असली की हात आपोआप कामाला लागतात. आजच्या सुनेचं नाव आठवत नाही, पण जास्वंदीची फांदी कुठे छाटायची ते आठवतं, असं मी डोळ्यांनी बघितलंय.

आता ऐकू न येण्याबद्दल. आमच्या तीन माळ्यांपैकी एकाला ऐकू येत नाही आणि तो बोलत नाही. चार वर्षांपूर्वी तो कामाला आला तेव्हा एक-दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, “याला सांगायचं कसं?” आम्ही झाडांच्या, किडींच्या आणि कामांच्या फोटोंची एक वही केली. फोटोवर बोट ठेवा, काम झालं. भारतीय सांकेतिक भाषेचा आता शासनाने केलेला मोठा शब्दकोश आहे, त्यातल्या काही खुणा आम्ही शिकलो. पण पिठ्या ढेकणाची आणि हुमणीची खूण त्याने स्वतः बसवली आहे. हुमणीची खूण बघाल तर जेवण जाणार नाही, म्हणून आत्ता करून दाखवत नाही. त्याच्यामुळे एक फायदा असा झाला की ऐकू न येणारी गिऱ्हाइकं आमच्याकडे आपणहून आली. फोन करण्याची सक्ती आम्ही काढून टाकली. लिहून पाठवा, व्हिडिओवर खुणेने सांगा. ज्यांना दिसत नाही त्यांना आम्ही बोलून निरोप पाठवतो. नुसता झाडाचा फोटो पाठवून ‘कसं आहे?’ विचारायचं नाही.

मी हे गोडगोड सांगतेय, तर पैशाचंही सांगते, कारण इथे धंदेवाले बरेच आहेत. साध्या घरी आमची फेरी पाऊण तासात आटपते. ताईंकडे दीड तास लागायचा, कारण आम्ही काम उरकत नव्हतो, त्या करत होत्या आणि आम्ही थांबत होतो. माळ्याचा वेळ म्हणजे पैसा. जास्त दर लावावा का, यावर आमच्याकडे बराच खल झाला. ज्याचा एक हात चालत नाही त्याने दुप्पट पैसे द्यायचे, हा हिशोब मला पटेना. फुकट करावं, तर तेही पटेना. फुकट घेणाऱ्याला तक्रार करता येत नाही. ताई मात्र हक्काने म्हणायच्या, “गेल्या खेपेचं खत कच्चं होतं.” पूर्ण पैसे देणारं माणूसच असं बोलू शकतं. शेवटी आम्ही सगळ्यांचा दर थोडा वाढवला आणि सगळ्यांना एकच ठेवला. त्यावर दोन गिऱ्हाइकं गेली. ज्या चौदा घरांमध्ये आम्ही असं काम करतो, त्यातलं एकही गेलं नाही.

सगळीकडे जमलं असंही नाही. एका इमारतीत लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत होती आणि गच्चीवर जायला वर अठरा पायऱ्या. बहुतेक इमारतींत असंच असतं. तिथल्या एका बाईंना स्नायूंचा आजार. गच्ची सगळ्यांची, पण त्यांची नाही. पार्किंगच्या कडेला, भिंतीलगत, सकाळचं ऊन येतं तिथे दोन उंच वाफे ठेवू द्या, असा अर्ज आम्ही कमिटीकडे दिला. उत्तर आलं, “आज वाफे, उद्या आणखी काही.” सात महिने गेले. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे, त्याची प्रत मी नेऊन वाचून दाखवली. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत, आणि वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे असं त्यात स्पष्ट म्हटलंय. कमिटीने ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. त्या बाई अजून गॅलरीतल्या चार पिशव्यांवर भागवतात. अर्ज अजून तिथेच आहे आणि मीही दर सभेला जाते.

लोक मला म्हणतात, “केवढं पुण्याचं काम करतेस!” मला तो शब्द नको वाटतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं मोजली गेली, त्यातली २९ लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रात. एवढ्या माणसांना गिऱ्हाईक न समजणं हा धंद्याच्या दृष्टीनेसुद्धा आंधळेपणाच आहे. आणि आपल्या कोल्हापूरने तर हे फार आधी बघितलंय. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली इथेच ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. दयेपेक्षा सोय हवी, काम हवं, ही गोष्ट या गावाला नवी नाही.

आता शाळेकडे वळते. आपल्या वर्गात एक जण होता, पायात कॅलिपर. तो समोरच बसलाय आणि हे सांगायला त्याची परवानगी आहे. आपल्या पिढीत जवळजवळ प्रत्येक शाळेत पोलिओ झालेलं एखादं तरी मूल असायचं. पल्स पोलिओ मोहीम देशात १९९५ साली सुरू झाली, आपली दहावी तोवर कधीच होऊन गेली होती. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, ही फार मोठी गोष्ट. पण आपल्या पाचवी ते सातवीच्या कार्यानुभवाच्या तासाला बागेत जायचं म्हणजे दोन पायऱ्या उतरायच्या आणि मग चिखल. आपण वाफ्यात आणि हा व्हरांड्यात, आपल्या चपला आणि दप्तरं राखायला. त्या काळी कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तो पडू नये एवढंच सगळ्यांना वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याचा मला फोन आला. पायातली उरलीसुरली ताकद कमी होत चाललीय, आता चाकाची खुर्ची घेतलीय, अंगणात काहीतरी करून दे म्हणाला. मी गेले. बोलता बोलता त्याने आपल्या शाळेतल्या बागेचा नकाशा सांगितला. कुणाचा वाफा कुठे होता, कुणाची वांगी किडली, कुणी शेजारच्या वाफ्यातला मुळा पळवला (नाव सांगत नाही, तोही समोर बसलाय!), सगळं तोंडपाठ. आपण विसरलो, कारण आपण खेळत होतो. हा बघत होता. तीन वर्षं बघितलेल्या बागेत त्याने एकदाही हात घातला नव्हता. त्याच्या अंगणात उंच वाफा बसवला त्या दिवशी तो मला म्हणाला, “चपला मी राखल्या. आता तू राख, मी वाफ्यात जातो.” गेल्या हिवाळ्यात त्याच्या घरची मेथी माझ्या घरी आली होती.

मघाशी आपल्या बॅचच्या देणगीचा विषय निघाला. शाळेला फाटकावर कमान बांधून द्यायची, तिच्यावर आपल्या बॅचचं नाव, असं बहुतेकांच्या मनात आहे. कमान करा, मी विरोध करणार नाही. पण काल सकाळी लवकर येऊन मी शाळेची बाग बघून आले. त्या दोन पायऱ्या अजून तशाच आहेत. मुख्याध्यापकांनी सांगितलं की यंदा सहावीत चाकाच्या खुर्चीवरची एक मुलगी आहे. बागेच्या तासाला ती ग्रंथालयात बसते. तिला वाचायला आवडतं, असं त्या म्हणाल्या. आवडत असेलही. पण तिला दुसरीकडे जाता येत असताना आवडलं पाहिजे.

मी टेप घेऊनच गेले होते. दोन पायऱ्या मिळून बारा इंच, म्हणजे बारा फुटांचा उतार, एका बाजूला कठडा. तिथून नळापर्यंत चार फूट रुंद, खरबरीत वाट. दोन उंच वाफे, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब, त्यातल्या एकाखाली गुडघे जातील एवढी जागा. दांड्याचा नळ, तीन फूट उंचीवर. कमानीचं जे अंदाजपत्रक मघाशी वाचून दाखवलं, त्याच्या चौथ्या हिश्श्यात हे सगळं होतं. आमची मजुरी मी घेणार नाही. साहित्याचे पैसे मात्र पूर्ण घेईन, आणि पावती देईन. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत काम पुरं करून देते. उताराचं सिमेंट पावसाआधी वाळायला हवं, म्हणून ठरवायचं असेल तर आजच ठरवा. मापाचा कागद मी चहाच्या टेबलावर ठेवलाय, ज्यांना पटेल त्यांनी त्यावर आपलं नाव आणि आकडा लिहावा.

एक सही आधीच झाली आहे. चपला राखणाऱ्याची.